तिसऱ्या वळणाचं हाउसिंग

लहान घ्यायचं की मोठं घ्यायचं, एवढंच ठरवायला माणसाला किती वेळ लागावा? चप्पल असेल तर पाच मिनिटं. कुकर असेल तर (बायको सोबत असल्यास) पाऊण तास. आमच्या हेडक्लार्कना चौदा महिने झाले होते आणि ते अजून ठरवतच होते.

वस्तू होती टर्बोचं हाउसिंग. टर्बो म्हणजे काय, हे हेडक्लार्कनी या चौदा महिन्यांत कचेरीतल्या प्रत्येकाला, तोंड उघडं असताना दातांच्या डॉक्टरांना आणि एकदा चुकून नंबर लागलेल्या एका अनोळखी बाईंना समजावून सांगितलं होतं, तेव्हा तुमचीही सुटका नाही. इंजिनातून जो धूर बाहेर पडतो तो वाया घालवायचा नाही. त्याच्या जोरावर एक चाक फिरवायचं आणि त्या चाकाकडून इंजिनात जास्तीची हवा कोंबून घ्यायची. झाला टर्बो. धुराच्या बाजूच्या चाकाभोवती गोगलगायीच्या पाठीसारखं एक लोखंडी कवच असतं, ते हाउसिंग. कवच लहान असलं की धूर चिंचोळ्या वाटेने जोरात येतो, चाक लवकर फिरतं, गाडी लवकर झेप घेते. पण पुढे तिचा श्वास कोंडतो. कवच मोठं असलं की गाडी आधी ढिम्म हलत नाही, आणि मग एकदम सुटते ती सुटतेच. लहानाच्या मापाचा आकडा पॉइंट ब्याऐंशी. मोठ्याचा एक पॉइंट पंधरा. एवढ्याशा फरकासाठी एका सरळमार्गी माणसाची झोप उडाली होती.

गाडी हेडक्लार्कच्या काकांची. काका दूर देशी कायमचे राहायला गेले तेव्हा पुतण्याच्या हातात किल्ली ठेवून म्हणाले होते, "हिला जप. ही जरा वेगळी आहे." काका कधी खोटं बोलत नसत. बाकीच्या गाड्यांच्या इंजिनात दट्टे, म्हणजे पिस्टन, वरखाली होतात. हिच्या इंजिनात एक तिकोनी लोखंडी तुकडा गरगर फिरतो. रोटरी म्हणतात त्याला. दिसायला लहान, आवाजाला मोठं आणि तेल प्यायला राक्षस. अकरा वर्षांपूर्वी टर्बोचं हाउसिंग तडकलं आणि गाडी घराशेजारच्या शेडमध्ये कापडाखाली गेली. तडकलेल्या हाउसिंगवरचा आकडा गंजून केव्हाच उडाला होता, त्यामुळे मुळात ते लहान होतं की मोठं हे जगात कुणालाच ठाऊक नव्हतं. (काकांना पत्र टाकलं होतं. काकांनी उलट टपाली "तब्येतीला जप" एवढंच कळवलं.)

मग अकरा वर्षं गप्प बसलेल्या माणसाला आत्ताच काय झालं?

झालं असं, की लेक शिकायला दुसऱ्या गावी गेली. ती होती तोवर घरात सतत काहीतरी आपटत, वाजत, हरवत असे. ती गेली आणि जेवताना चमच्यांचा आवाज ऐकू यायला लागला. अशाच एका जेवणात हेडक्लार्कनी समोर पाहिलं आणि त्यांच्या ध्यानात आलं, की आपली बायको हसलेली आपण कितीतरी वर्षांत ऐकली नाही.

आता बायको हसत नाही असं कुणी म्हणू नये. ती शाळेत भूगोल शिकवते. "पृथ्वी स्वतःभोवती फिरते कारण तिला दुसरं काम नसतं" असं उत्तरपत्रिकेत सापडलं की ती चांगली हसते. पण ते हसू येतं आणि जातं, लाल पेन काही थांबत नाही. हेडक्लार्कना हवं होतं ते दुसरं. तेवीस वर्षांपूर्वी, लग्न ठरल्यानंतरच्या पहिल्याच रविवारी, ते तिला या गाडीत बसवून गावाबाहेरच्या पाण्याच्या टाकीच्या टेकडीवर घेऊन गेले होते. दोघंही अवघडून बसलेली. पहिलं वळण गेलं, दुसरं गेलं, आणि तिसऱ्या वळणावर टर्बोने जोर धरला, गाडीने झेप घेतली आणि ती हसली. मान मागे टाकून, डावा हात डॅशबोर्डवर दाबून, अगदी उचकी लागेपर्यंत हसली. टेकडीच्या माथ्यावर पोचल्यावरही उचकी थांबेना. हेडक्लार्कना तेव्हा वाटलं होतं की आता असं हसणं आपल्याला जन्मभर ऐकायला मिळणार. तसं झालं नाही. कुणाची काही चूक नव्हती. संसार होता, परीक्षा होत्या, मीटर होते. पण ते हसू एकदा तरी परत ऐकावं, असं त्यांना त्या चमच्यांच्या आवाजात फार वाटलं.

आणि इथेच हेडक्लार्कमधला हेडक्लार्क जागा झाला.

ते पाणीपुरवठा खात्याच्या मीटर विभागात होते. सव्वीस वर्षं त्यांच्या टेबलावरून मीटरच्या वाचनाचे तक्ते जात होते. प्रत्येक तक्त्यात शेवटचा रकाना 'कारण' असा. वाचन जास्त आलं, कारण? कमी आलं, कारण? "काटा अडकला." "पाइप फुटला." "कुत्रे अंगावर आल्याने वाचन घेता आले नाही." कारणाचा रकाना रिकामा ठेवून एकही तक्ता त्यांनी पुढे पाठवला नव्हता, आणि रकाना भरला की ते खाली आपली झोकदार सही ठोकत. तेव्हा बायकोचं हसूही त्यांनी त्याच हिशेबात बसवलं. हसू तिसऱ्या वळणावर आलं. कारण? टर्बो. म्हणजे टर्बोने नेमका तिसऱ्या वळणावर जोर धरायला हवा. त्यासाठी हाउसिंग नेमकं तेवढं हवं. लहान घेतलं तर ती दुसऱ्याच वळणावर हसेल, मोठं घेतलं तर ती हसेपर्यंत टेकडी संपलेली असेल. साधा हिशेब होता. (साधा हिशेब म्हणून सुरू झालेल्या गोष्टींनीच माणसं कामाला लागतात.)

फक्त एक माहिती कमी होती: तिसऱ्या वळणावर म्हणजे मैलाच्या दगडाच्या अलीकडे, की पलीकडे? साक्षीदार एकच. पण "तू त्या दिवशी हसलीस ती जागा जरा दाखव, मला तुझं हसू परत ऐकायचंय" असं पन्नाशीच्या नवऱ्याने बायकोला सरळ विचारायचं म्हणजे काय? हेडक्लार्कचे कान नुसत्या कल्पनेने लाल झाले. त्यांनी आडवळणाने विचारायचं ठरवलं.

"तुला ती टाकीची टेकडी आठवते का गं?"

"आठवते." ती पेपर तपासत होती.

"आपण एकदा गेलो होतो तिथे. लग्नाआधी."

"हो."

"तेव्हा तू कुठे होतीस?"

बायकोने चष्म्यावरून पाहिलं. "गाडीत."

"तसं नाही. गाडी कुठे होती, तू गाडीत होतीस तेव्हा?"

"रस्त्यावर."

"रस्त्यावर कुठे पण?"

"समुद्रसपाटीपासून साधारण सातशे मीटर उंचीवर," बायको म्हणाली. "तुम्हाला बरं वाटत नाहीये का?"

हेडक्लार्कनी विषय तिथेच सोडला आणि एक खिशात मावेल अशी वही आणली. तिच्यात ते आठवेल ते लिहून ठेवू लागले.

इकडे मिस्त्रींनी गाडीचं बाकी सगळं केलं होतं. इंजिन उघडून बंद केलं, नळ्या बदलल्या, ब्रेक केले, टायर चढवले. गाडी गॅरेजच्या कोपऱ्यात फक्त हाउसिंगसाठी उभी होती. मिस्त्री बोलायला कमी. गाडीशी ते बोलत, मालकाशी नाही.

"मिस्त्री, तुम्हीच सांगा. लहान की मोठं?"

"हे इंजिन श्वास गरम टाकतं," मिस्त्री म्हणाले. "कोंडलं तर चिडतं. मी मोठं लावीन."

"पण मोठं उशिरा येतं ना?"

"येतं उशिरा."

"मग लहान?"

"लहान लवकर येतं."

"मग?"

मिस्त्रींनी हात पुसले. "गाडी तुम्हाला कुठे पळवायची आहे, ते सांगा. मग मी सांगतो."

तिसऱ्या वळणापर्यंत, असं काही हेडक्लार्कना म्हणवेना. "सगळीकडेच," ते म्हणाले. मिस्त्री पुन्हा गाडीखाली गेले.

असेच आणखी दोन-चार महिने सुखाने गेले असते. पण एक दिवस हेडक्लार्कच्याच टेबलावर एक आदेश आला. टाकीच्या सुरक्षिततेसाठी टेकडीचा रस्ता येत्या एक तारखेपासून खाजगी वाहनांस कायमचा बंद. पायथ्याशी फाटक बसणार. आदेश टाइप करून, जावक क्रमांक घालून पुढे पाठवायचा होता, आणि ते काम मीटर विभागाच्या हेडक्लार्कचं. त्यांनी त्या आदेशात स्वल्पविरामाची चूक काढून तो एकदा परत पाठवला. दुसऱ्यांदा समास कमी सोडला म्हणून परत पाठवला. तिसऱ्यांदा चूक सापडेना, तेव्हा स्वतःच्या हाताने शिक्का मारला. त्या दिवशी ते घरी चालत आले. हाताशी तीन आठवडे उरले होते.

अशा अडचणीच्या वेळी मेव्हणा न येता तरच नवल. बायकोच्या या धाकट्या भावाला जगातलं सगळं कळत असे आणि करता काही येत नसे. त्या रविवारी तो कुठल्याशा समारंभाला निघाला होता. काळा कोट, काळी पँट, चकचकीत बूट. वाटेत बहिणीकडे डोकावला. बहीण केकसाठी मैदा चाळून, परातीत ओट्यावर ठेवून, अंडी आणायला कोपऱ्यापर्यंत गेली होती. भाऊजी तोंड पाडून बसले होते.

"भाऊजी, यात एवढं काय आहे?" सगळं ऐकून घेऊन मेव्हणा म्हणाला. "प्रयोग करा. कागदावर कळत नाही ते डोळ्यांना कळतं."

"प्रयोग कसला?"

"हवा पाहिजे, चाक पाहिजे, आणि एक लहान तोंड, एक मोठं तोंड. घरात सगळं आहे."

घरात खरोखरच सगळं होतं. हवेसाठी व्हॅक्युम क्लीनर. त्याची नळी मागच्या भोकाला लावली की तो ओढायच्या ऐवजी फुंकतो. चाकासाठी स्वयंपाकघराच्या खिडकीतला पंखा. चार स्क्रू काढून मेव्हण्याने तो ओट्यावर उभा केला. तोंडासाठी तेलाचं लहान नरसाळं आणि रॉकेलच्या जमान्यातलं मोठं पत्र्याचं नरसाळं. (प्रत्यक्ष पाहणी केल्याशिवाय वाचन मान्य करायचं नाही, हा हेडक्लार्कचा जुना नियम. त्यामुळे त्यांनाही हे पटलं.) मेव्हणा हातात घड्याळ घेऊन, पंखा किती सेकंदांत फिरतो ते मोजायला पंख्यासमोर वाकून उभा राहिला.

लहान नरसाळं लावलं. बटण दाबलं. पंखा लगेच गरगरला.

"दोन सेकंद," मेव्हणा म्हणाला. "बघा. आता मोठं."

मोठं नरसाळं लावलं. बटण दाबलं. पंखा हलेना.

"थांबा, मोठ्याला वेळ लागतो," मेव्हणा म्हणाला. "सात. आठ. नऊ. भाऊजी, जोर वाढवा."

हेडक्लार्कनी जोर वाढवला. पंखा थोडा थरथरला. त्यांनी आणखी वाढवला आणि तोंड पंख्याच्या नेमकं मध्यभागी यावं म्हणून नरसाळं जरा पुढे सरकवलं. या पुढे सरकवण्यात परात नरसाळं आणि पंखा यांच्या मधोमध येते, ही गोष्ट दोन सुशिक्षित माणसांपैकी एकाच्याही लक्षात आली नाही. बाराव्या सेकंदाला मोठ्या हाउसिंगने जोर धरला. शिवाय व्हॅक्युम क्लीनरची पिशवी दिवाणखान्याच्या गेल्या सफाईपासून रिकामी केलेली नव्हती, तीही याच क्षणी मोकळी झाली.

बायको अंडी घेऊन आली तेव्हा स्वयंपाकघरात दोन पांढरे पुरुष उभे होते. एकाच्या हातात नरसाळं होतं, दुसऱ्याच्या हातात घड्याळ.

तिने अंडी हळूच खाली ठेवली. "यातला माझा कोणता?"

"ताई, मी भाऊ," घड्याळवाला म्हणाला आणि शिंकला.

"मग कोट कुठाय?"

"अंगात आहे."

"आणि तुम्ही?"

"मोठ्याला वेळ लागतो," हेडक्लार्क म्हणाले, "पण आलं की खूप येतं." त्या घटकेला त्यांना दुसरं काही सुचलंच नाही.

इथे ती हसेल, असं हेडक्लार्कना एक क्षण वाटलं. खरंच वाटलं. तिचे ओठ हललेही. पण मग तिचं लक्ष परातीकडे गेलं, भिंतींकडे गेलं, खिडकीतल्या भोकाकडे गेलं, आणि ती थकल्यासारखी म्हणाली, "कपडे काढा आणि मशीनमध्ये टाका. दोघांनीही." हेडक्लार्क नहाणीकडे गेले.

आता कपडे मशीनमध्ये टाकण्याआधी खिसे तपासायचे, ही त्या घरातल्या बाईची शिस्त. हेडक्लार्कच्या खिशातून वही निघाली. बायकोने ती झटकली आणि झटकताना ती उघडली.

वहीत असं लिहिलं होतं:

"ती. पिवळा रुमाल गळ्यात. डावा हात डॅशबोर्डवर. तिसरं वळण. मैलाच्या दगडाआधी की नंतर? हसली. असं हसणं पुन्हा कुठे ऐकलं नाही. एकदा तरी ऐकायला मिळावं. घरी विचारता येत नाही. लहान घेतलं तर लवकर हसेल, पण टिकणार नाही. मोठ्याची वाट बघायची तयारी आहे, पण एक तारखेला सगळं संपतं. कारण:" आणि पुढे रिकामं.

त्यानंतर दोन दिवस घरात चमच्यांचाही आवाज आला नाही. हेडक्लार्कना वाटलं, मैदा. त्यांनी भिंती पुसल्या, पंखा बसवला (उलटा बसला, मग सुलटा बसवला), नवा मैदा आणला. बायको "ठेवा तिथे" एवढंच म्हणाली. तिसऱ्या दिवशी, ते कचेरीतून आल्या आल्या, तिने वही त्यांच्यासमोर ठेवली.

"ही कोण?"

"कोण?"

"पिवळ्या रुमालाची."

हेडक्लार्कनी वही जवळ ओढून पान पाहिलं.

"गाडीबद्दल असतं तर मी अवाक्षर काढलं नसतं," बायको म्हणाली. तिचा आवाज वर्गात असतो तसा सपाट होता. "पण गाडी हसत नाही. आणि माझ्या हसण्याबद्दल कधी कुणी दोन ओळी लिहिलेल्या मला आठवत नाहीत. तेव्हा सांगून टाका. मी काही आरडाओरडा करणार नाही."

"अगं, ती तू आहेस."

"मी?"

"तूच. टाकीच्या रस्त्यावरची. लग्नाआधीची."

"मला पिवळं शोभत नाही. मी आयुष्यात पिवळा रुमाल विकत घेतलेला नाही. जुळवायचंच होतं तर रंग तरी विचारून घ्यायचात."

"पिवळाच होता."

"माझ्याकडे नव्हता."

या पातळीवर गोष्ट आली की वाचनाच्या तक्त्याचा उपयोग नसतो, पुरावा लागतो. हेडक्लार्क उठले. चपलांकडे न बघता (एका पायात त्यांची, एका पायात तिची, हे त्यांना रस्त्यावर कळलं) ते मिस्त्रींच्या गॅरेजकडे निघाले, आणि मागोमाग, चार हात अंतर ठेवून, बायको. गाडीचं दार उघडून त्यांनी डॅशबोर्डचा कप्पा ओढला. काकांचा नकाशा, एक विझलेली बॅटरी, आणि त्याखाली घडी घातलेला एक पिवळा रेशमी रुमाल. घडीच्या रेघांवर विटला होता, पण पिवळा होता.

"त्या दिवशी तू विसरलीस गाडीत," ते म्हणाले. "दुसऱ्या दिवशी परत द्यायचा होता. मग वाटलं, राहू दे जरा. मग तू घरीच आलीस, तेव्हा द्यायची लाज वाटली."

बायकोने रुमाल हातात घेतला. उलटा केला. कोपऱ्यात रेशमी धाग्याने एक छोटं पान काढलेलं होतं. तिने त्यावरून बोट फिरवलं.

"हा आमच्या थोरल्या अक्काचा आहे," ती म्हणाली.

"काय?"

"अक्काच्या कपाटातून न विचारता घेतला होता मी, तुमच्यासमोर बरी दिसावी म्हणून. हरवला म्हणून अक्का माझ्याशी दोन वर्षं बोलली नाही. धोब्याला मी काय काय बोलले. बिचारा शपथा घेत होता." तिने नवऱ्याकडे पाहिलं. "आणि तो इथे होता. तेवीस वर्षं."

हेडक्लार्कनी मान खाली घातली. त्यांना आपण धोब्याचीही माफी मागायला हवी असं वाटलं.

बायको गाडीत बसली. डाव्या बाजूला, दार उघडं ठेवून. रुमाल मांडीवर. मग तिने वही पुन्हा उघडली आणि ती दोन पानं पुन्हा वाचली, या वेळी सावकाश. वाचता वाचता तिने एकदा चष्मा काढून पुसला.

"मला सरळ विचारता येत नव्हतं?" ती म्हणाली.

"विचारलं होतं. तू समुद्रसपाटी सांगितलीस."

"हं." तिने वही मिटली. "आता अडलंय कशावर?"

"हाउसिंगवर. लहान की मोठं."

तिने मान बाहेर काढली. "मिस्त्री, आत्ता हातात कोणतं आहे?"

"मोठं," गाडीखालून आवाज आला.

"एक तारखेच्या आत बसेल?"

"बसेल."

"मग बसवा ते."

चौदा महिने तिथे संपले. हेडक्लार्क काहीतरी म्हणणार होते, पण मिस्त्री गाडीखालून बाहेर आले होते आणि चौदा महिन्यांत पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर समाधान दिसत होतं, तेव्हा त्यांनी नुसती मान हलवली.

महिन्याच्या शेवटच्या रविवारी, ऊन जरा कलल्यावर, दोघं निघाली. पायथ्याशी फाटकाचे खांब उभे राहिलेले होते, फाटक अजून लागायचं होतं. बायकोने रुमाल गळ्यात बांधला होता. ("अक्काला सांगायचं नाही," असं तिने आधीच बजावलं होतं.) पहिलं वळण गेलं. दुसरं गेलं. तिसरं वळण आलं, मैलाचा दगड आला, हेडक्लार्कनी पाय दाबला आणि कानात प्राण आणले.

गाडी म्हणाली, "हूं."

बास. तिसरं वळण गेलं. मैलाचा दगड मागे पडला. चौथंही वळण तसंच गेलं, गाडी आपली एखाद्या पेन्शनरासारखी चढत होती. मोठं घेतलं तर उशीर होणार हे वहीत लिहून ठेवलेलं होतंच. एक दिवस मिळाला होता, तोही गेला. आता फाटक लागणार आणि पुन्हा त्या जेवणाच्या टेबलावर समोरासमोर बसायचं.

"मला वाटलं होतं, तू परत हसशील," ते म्हणाले. रस्त्याकडेच बघत म्हणाले. "तेवढंच हवं होतं मला. बाकी गाडीचं काही नाही."

बायकोने त्यांच्याकडे पाहिलं. "मी तेव्हा का हसले, माहीत आहे तुम्हाला?"

"गाडीने झेप घेतली म्हणून."

"गाडीने झेप घेतली म्हणून तुम्ही ओरडलात. म्हणून."

"मी ओरडलो?"

"पायथ्यापासून तुम्ही मला सांगत होतात, वेगाची मला सवय आहे, घाबरू नका, मी आहे. आणि गाडीने उडी मारल्याबरोबर तुम्ही बारीक आवाजात म्हणालात..."

"मी असं काही म्हटलेलं नाही," हेडक्लार्क म्हणाले, आणि या अपमानाने त्यांचा पाय आपोआप आणखी खाली गेला. पाचवं वळण संपून सरळ चढ लागला होता. एक पॉइंट पंधराच्या त्या लोखंडी कवचात इतका वेळ नुसता घुमत असलेला धूर नेमका तिथे भरला, चाकाने वेग घेतला, आणि गाडीने मागून कुणी लाथ घातल्यासारखी झेप घेतली.

"आई गं," हेडक्लार्क म्हणाले. बारीक आवाजात.

आणि ती हसली. मान मागे टाकून, डावा हात डॅशबोर्डवर दाबून हसली. रुमालाचं टोक तिच्या तोंडात गेलं, ते काढता काढता हसली. टाकीच्या भिंतीशी गाडी थांबली तरी ती हसतच होती, डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि मग लागली उचकी. हेडक्लार्क स्टिअरिंग धरून तसेच बसून राहिले. ते ऐकत होते. त्यांनी गाडीसुद्धा बंद केली, नीट ऐकू यावं म्हणून. इतके महिने ज्याची आस लावून बसलो ते इतकं जवळ होतं आणि आपण ते लोखंडात शोधत होतो, हे त्यांना कळलं, आणि त्याचं त्यांना काहीही वाईट वाटलं नाही.

बऱ्याच वेळाने त्यांनी खिशातून वही काढली. सवय जात नाही. पान नवं घेतलं आणि लिहिलं: हाउसिंग, मोठे. जागा, पाचव्या वळणानंतरचा चढ. वाचन, हसू; उचकीसह. मग शेवटचा रकाना. पेन तिथे अडलं.

"आणा इकडे," बायको म्हणाली. उचकी देत देत तिने पर्समधून लाल पेन काढलं, 'कारण' या शब्दापुढे काहीतरी लिहिलं, आणि वही परत दिली.

तिथे स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं: चालक घाबरट.

हेडक्लार्कनी ते दोनदा वाचलं. चूक काढायला जागा नव्हती. मग त्यांनी सव्वीस वर्षांच्या शिरस्त्याप्रमाणे खाली झोकदार सही केली.